समासातले शेजारी

अध्यात्माचं पुस्तक वाचताना माझ्या हाती पेन्सिल लागू देऊ नये. कादंबरी वाचताना मी पेन्सिल घेत नाही, कारण कादंबरीतून शिकायचंय काय? पण मुखपृष्ठावर क्रूस, मेणबत्ती किंवा डोंगरावर पाठमोरा उभा असलेला एकटा माणूस दिसला, की मी पेन्सिलीला टोक काढून बसतो आणि पहिल्या दहा पानांत आमच्या आळीतल्या यच्चयावत लोकांचे दोष मला लख्ख दिसू लागतात. गर्वाविषयी दोन ओळी आल्या, समासात मेव्हण्याचं आद्याक्षर. चहाडीवर परिच्छेद आला, समोरच्या काकू. वायफळ बडबडीला कॉयरचे मास्तर, आळसाला आमचे चिरंजीव. आणि रागाच्या प्रकरणाला तर पानभर उभी रेघ मारून खाली टीप: ‘हिला दाखवणे.’

ती टीप नेमकी हिच्याच हाती लागली.

“कुणाला दाखवायचं होतं हे?”

“आईला,” मी म्हटलं. घाईत दुसरी बाई सुचली नाही.

“आईंना जाऊन किती वर्षं झाली! पुस्तक तू परवा आणलंस.”

हे सगळं सुरू झालं राखेच्या बुधवारी. फादरांनी वेदीवरून सांगितलं, की या प्रायश्चित्तकाळात नुसतं मटण सोडून भागणार नाही, मोबाइल खाली ठेवा आणि एक तरी आध्यात्मिक पुस्तक वाचा. मला हे मटणापेक्षा सोपं वाटलं. वसईहून चर्चगेटला रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाला वाचायला वेळ भरपूर असतो. नसतो तो हात वर काढायला वाव. तरी मी रीतसर बेत आखला: एक अध्यात्माचं पुस्तक, त्यावर एक कादंबरी. कारल्याच्या रसावर गुळाचा खडा.

पहिला मान टॉमस अ केम्पिसच्या ‘ख्रिस्तानुकरणा’चा. पंधराव्या शतकातलं पुस्तक. स्वामी विवेकानंद परिव्राजक होऊन हिंडत होते तेव्हा त्यांच्या झोळीत गीतेबरोबर हे एक पुस्तक असायचं. ही माहिती मला फारच आवडली. इतकी, की पुस्तक वाचण्याऐवजी मी आठवडाभर डब्यात ही माहितीच सांगत होतो. शेवटी आमच्या ग्रुपमधल्या एकाने विचारलं, “तुमचं कितवं पान चालू आहे?”

“विसावं.”

“विवेकानंद तेवढ्यात कन्याकुमारीला पोचले असते.”

नम्रता हा या पुस्तकाचा प्राण. आपण कुणाला माहीत नसावं, कुणी आपल्याला मोजू नये, यात समाधान मानावं, असं ते सांगतं. सुरुवातीला ते लेखकाच्या नावाशिवायच हातोहात फिरलं आणि खरा लेखक कोण यावर पंडित पुढे कित्येक शतकं भांडत बसले. असं पुस्तक मी मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला येईल अशा बेताने धरून वाचत होतो. नम्रता मला पटली होती, फक्त मी ती अंगीकारली आहे हे चार लोकांना कळावं एवढीच इच्छा होती. पहिल्या भागात दुसऱ्यांचे दोष सोसण्याविषयी एक सुंदर प्रकरण आहे. माझ्या प्रतीत सगळ्यात जास्त आद्याक्षरं त्याच प्रकरणात आहेत.

केम्पिसनंतर ब्रदर लॉरेन्स. हे सतराव्या शतकातले पॅरिसचे कार्मेलाइट मठवासी. आधी सैन्यात होते, पायाने अधू झाले, मठात आले, तर त्यांना दिलं काय, स्वयंपाकघर! आणि स्वयंपाकाचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. तरी पंधरा वर्षं ते तिथे राबले आणि भांड्याकुंड्यांच्या खडखडाटातही प्रार्थनामंदिराइतकंच देवाचं सान्निध्य अनुभवत राहिले. पुस्तक त्यांनी लिहिलेलं नाही. 1691 साली ते वारल्यावर त्यांच्या गोष्टी आणि पत्रं दुसऱ्याने गोळा केली. खरा संत असाच असतो, भांडी आपण घासतो आणि पुस्तक दुसरा छापतो.

यातला एक प्रसंग मला फार जवळचा वाटला. मठाने त्यांना बर्गंडीला वाइन खरेदी करायला पाठवलं. व्यवहारात शून्य, त्यात पाय अधू. होडीत चालता येईना, तेव्हा ते पिंपांवरून लोळत लोळत इकडून तिकडे जायचे आणि त्यातही देवाची उपस्थिती त्यांना जाणवायची. दादरला उतरायचं असलं तर मीही वांद्र्यापासून असाच लोकांवरून लोळत दाराकडे निघतो. पण मला देवाची उपस्थिती जाणवत नाही. लोकांना माझी जाणवते.

पुस्तकाने भारावून जाऊन मी घरी जाहीर केलं, की रविवारचा स्वयंपाक मी करणार. ही मिस्सेहून येऊन शांतपणे खुर्चीत बसली. मी कुकर लावला, दुसऱ्या शेगडीवर दूध ठेवलं आणि भांडी घासता घासता अंतर्मुख झालो. ब्रदर लॉरेन्सच्या मठात प्रेशर कुकर नव्हता, हा मुद्दा त्यांच्या चरित्रकारांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. मनात शांती पसरत असताना शिट्ट्या कोण मोजणार? वरण करपलं, दूध ओट्यावरून वाहत फ्रिजखाली गेलं, आणि ते पुसायला वाकलो तेव्हा साबणाच्या हातातून हिच्या माहेरची बशी सुटली.

खुर्चीतून प्रश्न आला, “आहे का तिथे देव?”

“आहे,” मी ठामपणे म्हटलं.

“मग त्याला सांग गॅस बंद करायला.”

तिसरं पुस्तक सी. एस. लुईसचं ‘स्क्रूटेप लेटर्स’. 1942 चं. एक मुरलेला सैतान आपल्या शिकाऊ पुतण्याला पत्रं लिहून शिकवतो, की माणसाला नरकाकडे हळूहळू, त्याला कळू न देता, कसं आणायचं. खून-दरोड्यांची गरज नाही, रोजची किरकोळ कुरकुर पुरते. यातल्या एका पत्रात खादाडपणाची एक अफलातून जात आहे. जास्त खाणारे खादाड सगळ्यांना दिसतात. पण ‘मला काही नको, फक्त एवढंसं’ म्हणून सगळं घर वेठीला धरणारी बाई आपल्याला खादाड वाटतच नाही. सैतानाची ती लाडकी आहे.

हे वाचून मी टुणकन उडालो. ही तर आमची आत्या! आत्या आली, की दारातूनच म्हणते, “माझ्यासाठी काही करू नकोस गो. अर्धा कप चहा टाक. बिनसाखरेचा, पण फिक्का नको. आलं घाल, पण किसून, ठेचलेलं मला चालत नाही. आणि टोस्ट असला तर बघ, नसला तर राहू दे, पण कडक हवा.” मी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, समासात ‘आ.’ लिहिलं आणि दाद मिळेल म्हणून हिच्याकडे बघितलं.

“परवा शुक्रवारी काय खाल्लंस?”

“शुक्रवारी उपवास असतो. मांस वर्ज्य.”

“म्हणून?”

“म्हणून पापलेट.”

“नुसतं पापलेट नव्हे. मधल्या तुकड्या, बारीक काटा नको, रव्यात घोळवून, तेल निथळून. आणि सोबत ‘काहीतरी हलकं’ म्हणून कोळंबी. तुझा उपवासाचा शुक्रवार मटणाच्या रविवारापेक्षा महाग पडतो.”

सैतानाने पुतण्याला हेही लिहिलं असतं, पण तो पडला इंग्रज. त्याला पापलेटाचा भाव कुठून ठाऊक असणार?

एवढं झाल्यावर मी कादंबऱ्यांकडे वळलो. म्हटलं, इथे कुणी उपदेश करणार नाही. दोस्तोयव्हस्कीची ‘करामाझॉव्ह बंधू’ घेतली. रशियन कादंबरीत एका माणसाला तीन-तीन नावं असतात म्हणून लोक दमतात. वसईच्या माणसाला त्याचं काय! आमच्याकडे एकाच माणसाचं बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, हाक मारायचं वेगळं, घराण्याचं टोपणनाव वेगळं, आणि ही तिन्ही नावं त्याच्या चुलतभावाचीही असतात. अडचण नावांची नव्हती, जाडीची होती. उभ्याने ती छातीशी धरली, की समोरच्याला वाटायचं मी त्याला ढकलतोय.

या कादंबरीत एक डॉक्टर आहे. तो म्हणतो, की मानवजातीवर माझं अपार प्रेम आहे, तिच्यासाठी मी क्रुसावरही जाईन, पण एकाच खोलीत एका माणसाबरोबर दोन दिवस काढवत नाहीत. एकजण जेवायला फार वेळ लावतो म्हणून नकोसा होतो, दुसऱ्याला सर्दी आहे आणि तो सारखं नाक शिंकरतो म्हणून. हा डॉक्टर नक्की नालासोपाऱ्याला चढणारा असावा.

आणि मग ती कांद्याची गोष्ट. एक महादुष्ट म्हातारी मरून अग्नीच्या तळ्यात पडते. तिने आयुष्यात एकच पुण्य केलेलं, भिकारणीला शेतातला एक कांदा दिलेला. तिचा देवदूत तोच कांदा तिच्यापुढे धरतो, म्हणतो, धर, ओढून काढतो. ती वर येऊ लागते तसे बाकीचे पापी तिला लोंबकळू लागतात. ही लाथा झाडते, कांदा माझा आहे, तुमचा नाही! आणि कांदा तुटतो.

मी इथवर आलो तेव्हा संध्याकाळची विरार फास्ट दादर सोडत होती. विरार फास्टचं अलिखित शास्त्र बाहेरच्यांना माहीत नसेल. या गाडीत बोरिवलीच्या माणसाने चढायचं नाही. त्याला त्याच्या वेगळ्या गाड्या आहेत. चढलाच, तर त्याला नीट उभं राहू द्यायचं नाही आणि बोरिवली आली, की उतरूही द्यायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा हा एकमेव विधी आहे ज्यात आमच्याकडे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, जैन खांद्याला खांदा लावून उभे राहतात. कोपऱ्यात भजनी मंडळ रंगात आलेलं. टाळ वाजत होते. आणि नेमका बोरिवलीचा एक गृहस्थ माझ्या सीटजवळ येऊन म्हणाला, “जरा सरकता का, चौथा बसतो.”

“बोरिवली गाडी का नाही पकडली?” मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो. खाली बघितलं तर म्हातारी लाथ झाडत होती.

सरकलो, काय करता! दोस्तोयव्हस्कीपुढे इलाज नाही. गृहस्थ आधी टेकले, मग बसले, मग पसरले. त्यांची बॅग माझ्या मांडीवर आली, त्यांचं कोपर माझ्या बरगडीत आलं आणि वांद्रे गेल्यावर त्यांचं डोकंही माझ्या पुस्तकात आलं. मी पान उलटलं तर म्हणाले, “थांबा, माझं राहिलंय.” अंधेरीपर्यंत मी त्यांना तीन भावांची नावं, त्यांच्या बापाची लफडी आणि खटला समजावून सांगत होतो. आमच्या ग्रुपचे डोळे माझ्यावर रोखलेले. विरारच्या गाडीत बोरिवलीच्या माणसाला जागा, वर करमणूक! शेवटी गृहस्थ उठले आणि म्हणाले, “बापाला मारलं कुणी तेवढं पटकन सांगा, माझं स्टेशन आलं.”

मी सांगितलं. ते उतरले. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपने माझी जागा धरणं बंद केलं आणि उरलेली कादंबरी मी उभ्याने संपवली.

त्याच कादंबरीत झोसिमा नावाचे एक साधुपुरुष वारतात. सगळे टपून बसलेले, की आता देह सुगंधी राहणार, चमत्कार होणार. तर दिवस मावळायच्या आत वास सुटतो, आणि मठातल्या कित्येकांना आतून गुदगुल्या होतात. आमची आळी याबाबतीत पुढारलेली आहे. चांगल्या माणसाला वास सुटण्यासाठी आम्ही तो मरेपर्यंत थांबत नाही.

यानंतर जपानी लेखक शुसाकू एन्दोची ‘सायलेन्स’. ही 1966 ची. एन्दो स्वतः कॅथलिक. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चाललेला असताना लपून तिथे गेलेल्या एका पोर्तुगीज जेझुइट फादरची गोष्ट. गंभीर पुस्तक. रात्री जेवणानंतर मी वाचत बसलो होतो तर आत्या (चहा पिऊन, कडक टोस्ट खाऊन) जवळ आली.

“कुणाची गोष्ट?”

“फादर रॉड्रिग्ज म्हणून आहेत एक.”

“कुठल्या रॉड्रिग्जांचा?”

“पोर्तुगालचे, आत्या.”

“ते असू दे. वसईत घर कुठलं?”

“वसईत नाही. ते जपानला गेले होते.”

“मग गोन्सालो गार्सियांबरोबर गेला असणार.”

आत्याचा इतिहास कच्चा नाही. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचेच, 1597 साली नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झालेले आणि 1862 मध्ये संत म्हणून घोषित झालेले. त्यामुळे जपान म्हटलं, की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते परकं गाव वाटतच नाही. मी सांगितलं, की ही गोष्ट गार्सियांनंतर चाळीसेक वर्षांनी घडते.

“म्हणजे ओळख नसणार,” आत्या म्हणाली. “पुढे?”

पुढचं मी जरा चाचरतच सांगितलं. त्यांना पकडतात आणि ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवून धर्म सोड म्हणतात. ते पाय ठेवतात.

आत्याने क्रुसाची खूण केली. “पाय दिला? मग तो आपल्यातला रॉड्रिग्ज नव्हेच.” आणि झोपायला गेली.

सकाळी मी बूट घालत होतो तर बाहेर येऊन उभी राहिली. “रात्रभर विचार केला मी. त्याला कशाची भीती घातली होती?”

“त्याची स्वतःची नव्हे. गावातल्या गरीब लोकांना खड्ड्यावर उलटं टांगलं होतं. याने पाय ठेवला तर त्यांना सोडणार होते.”

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मामाकडचे आमचे रॉड्रिग्ज असेच मऊ. त्यांच्यातला असेल बिचारा.”

समीक्षकांनी या कादंबरीवर पुष्कळ लिहिलं आहे, पण रॉड्रिग्जला सोयरिकीत कुणी घेतलं नव्हतं.

मला मात्र रॉड्रिग्जपेक्षा त्यातला किचिजिरो जवळचा. हा पाजी माणूस दर खेपेला फादरला दगा देतो आणि दर खेपेला रडत, नाक पुसत पापनिवेदनाला परत येतो. फादर वैतागतात, तरी क्षमा करावी लागते. ईस्टरच्या आधी आमच्या चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत उभं राहिलं, की पुढे-मागे सगळे किचिजिरोच दिसतात. माझी यादी तर इतकी तीच ती आहे, की या खेपेला मी अर्ध्यावर अडखळलो तेव्हा जाळीच्या पलीकडून हळूच आवाज आला, “आणि रागावलात.” पुढचं मी घाईने उरकलं. ‘हिला दाखवणे’ अशी टीप मारणं कोणत्या पापात बसतं हे विचारायचं होतं, पण मागे रांग मोठी होती.

ग्रॅहम ग्रीनची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ माझ्या हातून वाचून झाली आणि मी ती मोठ्या हौसेने चर्चच्या कामात पुढे-पुढे असणाऱ्या एका ज्येष्ठांना दिली. 1940 ची कादंबरी, मेक्सिकोतली. सरकारने धर्म बंद केलेला, फादर लोकांची धरपकड चालू, आणि उरलेला शेवटचा फादर दारुडा, त्यात एका मुलीचा बाप. पळतोय, घाबरतोय, तरी कुणी मरणाऱ्या माणसासाठी बोलावलं, की मागे फिरतोय. त्यात एक प्रसंग आहे. मिस्सेसाठी द्राक्षाची वाइन हवी, दारूवर बंदी, चोरून एक बाटली मिळते, आणि ती विकणारे लोकच सौजन्याने ‘एकेक घोट घेऊ या’ म्हणत त्याच्या डोळ्यांदेखत ती संपवतात. याला नाहीही म्हणता येत नाही. आमच्याकडच्या लग्नात पाहुण्यांनी आणलेली भेटीची बाटली जशी संपते तशी ती संपते, आणि बाई गं, हसता हसता घसाच दाटून येतो.

ज्येष्ठांनी पुस्तक चार दिवसांत परत आणलं.

“फादर दारू पितो. शिवाय मुलगी आहे. असली पुस्तकं प्रायश्चित्तकाळात?”

“पुढे वाचलंत का?”

“पुढे कशाला? मला पाहिजे ते मिळालं.”

मी म्हटलं, अहो, रोममधल्या धर्माधिकाऱ्यांनाही हे खटकलं होतं, पण पुढे पोप सहावे पॉल यांनी ते स्वतः वाचलं आणि लेखकाला म्हणाले, की मनावर घेऊ नका. ज्येष्ठ म्हणाले, “पोपना वेळ असतो.” पुस्तक चाळलं तर जिथे जिथे बाटली उघडली होती तिथे तिथे पेन्सिलीची रेघ. बाकी पानं कोरी. एका पानावर गोल डाग होता. तो चहाचा असावा, असं मी धरून चालतो.

हिला मी अधूनमधून विचारायचो, “तू काही वाचत का नाहीस?” तेव्हा कळलं, की ही कायम एकच पुस्तक वाचत असते. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. संपलं, की पुन्हा पहिल्यापासून.

“यात अध्यात्म आहे का?” मी विचारलं.

“भरपूर. फक्त संताच्या बाजूने नाही, संताला जेवायला वाढणाऱ्या बाईच्या बाजूने.”

मी ते मागून घेतलं. नारायण वामन टिळक म्हणजे मोठे कवी, मोठे भक्त. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी आल्या, आणि दरम्यान बाईंनी जे सोसलं ते वाचताना डोळ्यांतून पाणी काढावं तर पुढच्याच ओळीला त्या हसवतात. टिळक शीघ्रकोपी. टिळकांच्या हातात पैसा ठरत नाही. टिळकांचं घरात लक्ष नाही, चित्त सगळं देवाकडे. वाचता वाचता मी सीटवर ताठ बसलो. हे वर्णन कुठेतरी पाहिलेलं वाटत होतं. शीघ्रकोप, आहे. पैसा ठरत नाही, पापलेट साक्षी आहे. कुकर लावून चित्त देवाकडे, तेही झालं. पहिल्यांदाच मला पुस्तकात दुसरं कुणी न दिसता मी दिसत होतो, आणि तोही किती थोर माणसाच्या रूपात! घरी जाऊन बूट काढायच्या आत मी हिला हे सांगितलं. म्हटलं, बघ, माझा आणि रेव्हरंड टिळकांचा स्वभाव अगदी हुबेहूब जुळतो.

ही लसूण सोलत होती. सोललेल्या पाकळ्या तिने वाटीत टाकल्या आणि म्हणाली, “टिळकांनी निदान कविता तरी लिहिल्या.”